मी अधिकृत मटार होतो तेव्हा

समस्त वाचकांनी कृपया सरळ बसून, हातातली कामं बाजूला ठेवून आणि जमेल तितक्या गंभीर चेहऱ्यानं पुढील वार्ता ऐकावी : प्रस्तुत लेखक आपल्या आयुष्यातले सतरा दिवस अधिकृतरीत्या मटार होता. ही अफवा नव्हे. याला कागद आहे, कागदावर गोल शिक्का आहे, शिक्क्यात अर्धी अडकलेली एक सही आहे, आणि सहीशेजारी लेखकाचा असा एक फोटो आहे की ज्यात तो खरोखरच थोडासा मटारासारखा दिसतो. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. पुढे वेळ मिळेलच असं नाही.

ही वार्ता आज जाहीर करण्याचं कारण शैला. शैला म्हणजे आमच्या सौभाग्यवती, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गणिताच्या बाई. काल तिनं जालन्याच्या बाजारातून मटाराची भलीमोठी पिशवी आणली, माझ्यापुढे वर्तमानपत्र पसरलं, त्यावर शेंगांचा ढीग ओतला आणि म्हणाली, "सोला. आणि सोलताना भाषण नको." मी पहिली शेंग दाबली. टच् झालं. तो कच्चा, हिरवा, दुधाळ वास नाकात शिरला आणि मी जालन्यात राहिलोच नाही. चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात, बनारसमध्ये, एका थंडगार बाकावर, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, कानटोपी घालून, विद्यार्थी म्हणून बसलो होतो.

"दाणे भांड्यात टाका," शैला म्हणाली. "तोंडात नाही."

आमच्याकडे धुकं येतं ते कामावर आल्यासारखं. पहाटे येतं, ज्वारीवर जरा वेळ टेकतं, आठ वाजले की निघून जातं. बनारसचं धुकं बिऱ्हाड घेऊन येतं. डिसेंबरात एकदा उतरलं की सूर्य ही फक्त पाठ्यपुस्तकात वाचायची गोष्ट होते. रस्त्यावर आधी घंटी ऐकू येते, मग हँडल दिसतं, मग सायकल, आणि सगळ्यात शेवटी तिच्यावरचा माणूस, तोही मफलरमधून डोळ्यांपुरताच. गंगेकाठी जावं तर नदी नसतेच. अंदाजानं पायऱ्या उतरायच्या आणि संपल्यासारख्या वाटल्या की थांबायचं. समोरच्या पांढऱ्यातून वल्ह्याचा आवाज येतो, कुणीतरी खोकतं, कुणीतरी कुणालातरी 'गुरु' म्हणून हाक मारतं. त्या गावात सगळ्यांनाच गुरु म्हणतात. मी मोठ्या ऐटीत फोनवर शैलाला सांगितलं होतं, "तुझ्या नवऱ्याला इथं लोक गुरु म्हणतात." ती म्हणाली, "तिथं बैलालाही म्हणत असतील."

म्हणतात. मी नंतर खात्री करून घेतली.

आता मी तिथं कसा पोचलो ते सांगणं भाग आहे. मी बावीस वर्षं बियाणं विकलं. मोटारसायकलला पिशव्या बांधून मराठवाड्यातली दुकानं पालथी घातली. एकदा एका दुकानात एका शेतकरीण बाईनं बियाण्याची पुडी हातात घेऊन विचारलं, "साहेब, हे बी आत जित्तं असतंय का मेल्यालं?" मी छापील पत्रकातलं वाक्य खणखणीत म्हणून दाखवलं. बाई म्हणाली, "त्ये न्हाई इचारलं." बस्स. ते वाक्य माझ्या मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसलं ते उतरेचना. मग एका वर्षी जाहिरात दिसली : दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, अर्धं जीवशास्त्र, अर्धं व्यवस्थापन, वयाची अट नाही. सकाळी पेशी, दुपारी पेठ. मी प्रवेशपरीक्षा दिली आणि पंचवीस वर्षं जुन्या बी.एस्सी.नं ऐनवेळी लाज राखली. जागा मिळाली ती बनारसला. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात संस्थेची चूक नव्हती.

आमच्या कंपनीचे मालक भला माणूस. म्हणाले, "मटकर, संक्रांतीपर्यंत तुमची खुर्ची तशीच ठेवतो. तोवर वेड उतरलं तर परत या." मी छाती काढून म्हटलं, "खुर्ची देऊन टाका." शैला मागून म्हणाली, "राहू द्या ती खुर्ची."

पहिल्याच दिवशी मी स्वतःचा घात केला. वर्गात शिरलो आणि चाळीस मुलंमुली ताडकन उभी राहिली. पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं; त्यांचा काय दोष? एखाद्या शहाण्या माणसानं सांगितलं असतं की बाळांनो, मी तुमच्यातलाच. पण मी हौशी रंगभूमीवर वीस वर्षं काढलेला माणूस. समोर चाळीस प्रेक्षक, आणि तेही उभे! माझ्या तोंडून आपसूक निघालं, "बैठिए, बैठिए." ते बसले. त्यांनी वह्या उघडल्या. मग मला राहवेना. मी फळ्यापाशी गेलो आणि बी म्हणजे झोपलेलं झाड कसं असतं यावर सात मिनिटं बोललो. फार सुंदर रंगलं. एका मुलानं शंकासुद्धा विचारली. आठव्या मिनिटाला खऱ्या मॅडम आल्या, माझ्याहून चांगल्या बारा वर्षांनी लहान, आणि दारातच थबकून म्हणाल्या, "सॉरी सर, शायद मेरा पीरियड है."

मी जाऊन शेवटून दुसऱ्या बाकावर बसलो. वर्ग हसला असता तर सगळं निभावलं असतं. वर्ग ओशाळला. त्या मिनिटापासून मी त्या इमारतीत 'सर' झालो. मॅडमसुद्धा मला सरच म्हणायच्या.

हे सर होणं काय असतं ते सांगतो. मी चहाच्या टपरीवर पोचलो की सिगारेटी विझायच्या, पाठोपाठ गप्पा विझायच्या. कुणीतरी स्टूल पुढे करायचं, "सर, आप बैठिए," आणि बाकीचे उभ्यानं, जीभ भाजत, दोन घोटांत चहा संपवून पसार. प्रोजेक्टसाठी गट पाडायची वेळ आली की प्रत्येक गट मला अत्यंत आदरानं दुसऱ्या गटाकडे पाठवायचा. थंडी वाढली तशी मुलं एकेका बाकावर चारचार बसायला लागली, एक शाल चौघांच्या मांड्यांवर. माझ्या बाकावर मी, माझी पिशवी आणि आदर.

एखाद्या दिवशी बारानंतर तासभर ऊन यायचं. मग शिकवणारे, शिकणारे, शिपाई सगळे गच्चीवर धावायचे आणि एकाच दिशेला तोंड करून बसायचे. ऊन खायचं, असं तिथं म्हणतात, आणि खरोखर खाल्ल्यासारखंच ते डोळे मिटून तोंड वर करायचे. अशाच एका दुपारी कुणीतरी पेरू आणले होते. तिखटमीठ लावलेला एक पेरू हातोहात फिरत होता, ज्याच्या हाती येईल तो एक चावा घेऊन पुढे द्यायचा. फिरत फिरत पेरू माझ्या शेजाऱ्यापर्यंत आला आणि थांबला. जरा कुजबुज झाली. मग एक मुलगी उठली, पिशवीतून नवा पेरू काढला, धुतला, कागदावर ठेवला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. "सर, आप लीजिए." मला अख्खा पेरू मिळाला. उष्टा चावा काही मिळाला नाही.

तो पेरू फार गोड होता, हे कबूल करायला पाहिजे.

रविवारी मी जुन्या शहरात जायचो. तिथल्या गल्ल्यांत हिवाळ्यात मलइयो मिळतं. म्हणजे दुधाचा नुसता फेस. केशरी, हलका, मातीच्या कुल्हडात. जिभेवर ठेवला की नाहीसा होतो, चव तेवढी मागे राहते. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा माझ्या तोंडून भलामोठा "वा!" निघाला आणि मी शेजारी पाहिलं. शेजारी भिंत होती. 'वा' म्हणायला दोन माणसं लागतात. एकट्यानं म्हटलेला वा उचकीसारखा वाटतो. लोक पाणी विचारतात. त्या दुकानदारानं खरंच विचारलं.

तिथून रामघाट जवळ. त्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्यांची मराठी घरं आहेत असं ऐकलं होतं, म्हणून एका रविवारी आशेनं निघालो. एका ओट्यावर धाबळी पांघरून एक वृद्ध गुरुजी बसले होते आणि आत कुणालातरी ओरडून सांगत होते, "अगं, खिडकी बंद कर, सगळी ठंडी आत येऊन राहिली आहे!" माझे कान टवकारले. मराठी! हिंदीच्या पाण्यात चांगली भिजलेली, पण मराठी. मी जवळजवळ धावतच गेलो.

"नमस्कार गुरुजी. मी जालन्याचा."

गुरुजींचा चेहरा उजळला. "या, या, बसा! किती लोक आहात? अभिषेक करायचा की श्राद्ध?"

"नाही, तसं काही नाही. मी नुसता बोलायला आलो."

गुरुजी विचारात पडले. असा यजमान त्यांनी पाहिला नसावा. "बोलायला," ते म्हणाले. "हां, हां. मग बोला, गोत्र कोणतं?"

मी गोत्र सांगितलं. वडिलांचं नाव सांगितलं, आजोबांचं सांगितलं. गुरुजींनी हात जोडून माझ्या पितरांचं स्मरण केलं, माझ्या हातावर तीर्थ घातलं आणि म्हणाले, "सुखी राहा." त्यांचं बोलून झालं होतं. मी त्या अरुंद गल्लीतून परत निघालो. कॉलेजात सर, रामघाटावर यजमान. अख्ख्या शहरानं मला दोन पदव्या दिल्या होत्या, आणि जिच्यासाठी आलो ती तिसरी दूरच होती.

सगळ्यात लांब असायची दुपारची सुट्टी. पंचेचाळीस मिनिटं. डबा दहा मिनिटांत संपतो, मग उरलेल्या वेळाचं करायचं काय? शैला तेव्हा वर्गावर असायची, तिचा फोन शाळेच्या कपाटात. आमच्या इमारतीच्या मागच्या बाजूला एक जिना होता. तिथं मी फोन कानाला लावून उभा राहायचो आणि बोलायचो. पलीकडे कुणी नसायचं. मी फोन लावलेलाच नसायचा.

हसू नका. एकटा उभा असलेला माणूस केविलवाणा दिसतो आणि फोनवर बोलणारा माणूस कामात दिसतो, एवढाच सुरुवातीला हेतू होता. पण नटाला संधी मिळाली की रंग चढतो. मी पलीकडच्या कुणाही नसलेल्या माणसाला धुक्याचं वर्णन ऐकवायचो, मॅडमची नक्कल करायचो, शेवटी शेवटी तर सरळ रंगमंचीय मराठीत शिरायचो : "प्रिये, येथील शिशिराचे वैभव शब्दांत कसे वर्णावे? सृष्टीने जणू शुभ्र अवगुंठन धारण केले आहे!" घरी मी असं बोललो असतो तर शैलानं माझ्या कपाळावर हात ठेवून पाहिला असता. दिवसभर हिंदी आणि इंग्रजीत दाटून राहिलेलं सगळं त्या जिन्यावर मोकळं व्हायचं. मध्येच थांबायचो, पलीकडचं ऐकल्यासारखं करायचो, आणि हसायचो. ते मध्येच थांबणं मात्र फार वाईट असायचं.

डिसेंबरात मॅडमनी एक धडा शिकवला. तोडलेली शेंग मेलेली नसते. वेलीवरून काढली तरी मटार श्वास घेत राहतो, चांगला जोरजोरात घेतो. वेलीकडून आता काही येत नाही, म्हणून तो स्वतःच्याच पोटातली साखर जाळतो, आणि उरलेल्या साखरेचं हळूहळू पीठ होत जातं. म्हणून सकाळी तोडलेला मटार गोड लागतो आणि दुसऱ्या दिवशी तोच मटार पिठूळ. थंडीत हे सावकाश होतं, उबेत भराभर. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. जालन्याहून निघून मला तेव्हा जवळजवळ चार महिने झाले होते. शेजारी कुणी असतं तर त्याला कोपरानं ढोसून म्हणालो असतो, "अरे, हा तर मीच!" शेजारी पिशवी होती.

पण त्या तासाला मला माझा विषय सापडला. बनारसमध्ये हिवाळाभर ठिकठिकाणी चूडा-मटर मिळतो, पोहे आणि हिरवा मटार, वरून गरम मसाला. शेतातून त्या कढईपर्यंत मटार किती तास गोड राहतो, आणि ते तास वाढवले तर बाजार कसा बदलेल? अर्धं जीवशास्त्र, अर्धा व्यवसाय, आणि त्या शेतकरीण बाईच्या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर. चार महिन्यांत पहिल्यांदा मला माझा निर्णय बरोबर वाटला. मटाराचा हंगाम छोटा. परवानगी लगेच मिळायला हवी होती. ती मिळाली नसती तर हंगाम गेला असता, हंगामाबरोबर वर्ष गेलं असतं, आणि मग मालकांची खुर्ची होतीच.

अर्ज इंग्रजीत चालला असता. सगळी मुलं इंग्रजीतच करत होती. पण आपल्याला हिंदी येतेच, अशी प्रत्येक मराठी माणसाची ठाम समजूत असते. मी वळणदार अक्षरात लिहिलं : 'विषय : मटर पर संशोधन करने हेतु अनुमति'. खाली सही : मुकुंद मटकर.

मराठी वाचकाला यात काहीच खटकणार नाही. मलाही खटकलं नव्हतं. आपल्याकडे संशोधन म्हणजे शास्त्रज्ञ करतात ते. हिंदीत त्याला शोध म्हणतात, आणि संशोधन म्हणजे दुरुस्ती. कार्यालयानं वाचलं ते असं : मटकर नावाचे एक वयस्कर गृहस्थ आहेत, आणि त्यांना 'मटर' अशी दुरुस्ती हवी आहे. बिचाऱ्यांनी डोकं लावलं, धावपळ केली, आणि आठवड्याच्या आत माझ्या हातात नवं ओळखपत्र ठेवलं. नाव : मुकुंद मटर. परीक्षेचं प्रवेशपत्रही त्याच नावानं.

कार्यालयातले पांडेजी टेबलाखाली हीटर आणि तोंडात पान ठेवून काम करायचे. मी ओळखपत्र त्यांच्यापुढे ठेवलं.

"हाँ मटर जी, अब क्या कष्ट है?"

"मैं मटर नहीं हूँ."

"काग़ज़ पर तो हैं."

"अरे, मुझे संशोधन करना था!"

"तो कर तो दिए संशोधन!"

"वो वाला नहीं. दूसरा वाला संशोधन!"

"महाराज," पांडेजी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेत म्हणाले, "एक बार में एक ही होता है."

आधार कार्डावर मटकर, प्रवेशपत्रावर मटर. परीक्षेला बसू देणार नव्हते. मूळ अर्ज तर निकालात निघालाच होता. पांडेजींनी एक कोरा फॉर्म काढला. त्याच वर्गातल्या एका विद्यार्थ्यानं समक्ष येऊन लिहून द्यायचं होतं की मटकर आणि मटर हा एकच इसम आहे, आणि मी त्याला व्यक्तिशः ओळखतो. मुदत शनिवारपर्यंत. सोमवारी परीक्षा, त्याच आठवड्यात संक्रांत.

"किसी दोस्त को ले आइए," पांडेजी म्हणाले.

पांडेजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा त्यांना काय दिसला कोण जाणे, त्यांचा आवाज एकदम उतरला.

"कोई तो जानता होगा आपको?"

त्यांनी ते इतक्या मायेनं विचारलं, की मला तिथं थांबवेना.

बाहेर धुकं होतं. मी चालत राहिलो. वर्गातल्या चाळीसही जणांची नावं मला पाठ होती. कोण बलियाचा, कोण रांचीची, कुणाचा भाऊ फौजेत, सगळं हजेरीच्या वेळी आणि इकडचंतिकडचं ऐकून टिपलेलं. त्यातल्या एकालाही माझं पहिलं नाव माहीत नव्हतं. कुणाला जाऊन सांगू की तू मला ओळखतोस असं लिहून दे? ती मुलं देतील, उभी राहून देतील, "जी सर" म्हणून देतील; आणि मग मला त्यांच्या वर्गात कधीच बसता येणार नाही. मी रविवारच्या गाडीचं तिकीट काढलं. मालकांना विचारलं, खुर्ची आहे का? ते म्हणाले, "आहे. रोज पुसतो." शैलाला सांगितलं. ती म्हणाली, "नापास होऊन या, मला चालेल. पण न बसता आलात तर आयुष्यभर मला हेच ऐकवाल. ते मला सोसायचं नाही."

शुक्रवारी सगळ्यांनी आपापले प्रोजेक्टचे विषय मांडायचे होते. माझी पाळी आली. मॅडमनी विचारलं, "सर, आपका अप्रूवल?" आता गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी पुढे गेलो, अर्जाची प्रत काढली आणि ती संपूर्ण वर्गाला हातवारे करून, चढत्या आवाजात वाचून दाखवली. चाळीस आदरयुक्त चेहरे. पण 'मटर पर संशोधन' म्हटलं आणि वर्गाच्या अगदी मागून फुस्सकन हसू फुटलं. एकच. लगेच शालीत दाबलेलं.

सगळ्यात मागच्या बाकावर, माझ्याच मागे, ऋचा जोशी बसायची. चष्मा, राखाडी शाल, चार महिन्यांत पाच वाक्यं. आडनाव जोशी, म्हणून ती उत्तराखंडाच्या पहाडातल्या, हिंदी बोलणाऱ्या जोशांपैकी असणार हे मी स्वतःच ठरवून टाकलं होतं. मॅडम म्हणाल्या, "क्या हुआ ऋचा?" ती उभी राहिली, कानापर्यंत लाल. "मैम, वो... मराठी में संशोधन माने रिसर्च होता है."

सगळा वर्ग एकदम हसला. चाळीस जण, बाकं बडवून, माझ्या तोंडावर. मॅडम टेबलाला धरून हसत होत्या. चार महिन्यांत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

तास संपल्यावर मी तिला व्हरांड्यात गाठलं. "तुम्हाला मराठी येते?"

तिनं आधी नाही अशी मान हलवली, मग हो अशी. "घरात," ती हळूच म्हणाली. "रामघाटाजवळ, मंगला गौरीच्या देवळापाशी घर आहे आमचं." आणि निघूनच गेली.

"मग पुढे?" शैला म्हणाली. तिनं ही गोष्ट चाळीस वेळा ऐकली आहे, तरी इथं आलं की तिचे हात थांबतात. माझी पदवी बाहेरच्या खोलीत टांगलेली आहे, तिच्यावर स्वच्छ मटकर असं लिहिलं आहे, त्यामुळे शेवट काय झाला हे तिला रोज केर काढताना दिसतं. मला मात्र अलीकडे वेगळीच गोष्ट टोचते. त्या चार महिन्यांत मी त्या शहराला किती ऐकवलं! कुणाला काही विचारलं मात्र नाही. मागच्या बाकावरच्या मुलीला वळून एकदा 'कुठली गं तू?' एवढंसुद्धा नाही.

शनिवारी सकाळी मी फॉर्म घेऊन फाटकापाशी उभा राहिलो. धुकं असं, की ई-रिक्षा थांबल्याचा आवाज आला तरी तीतून कोण उतरलं हे चार पावलं जवळ येईपर्यंत कळत नव्हतं. बऱ्याच जणांना मी उगाचच नमस्कार केला. अखेर ती आली. मी रात्रभर घोकलेलं वाक्य म्हटलं : "आपण कृपावंत होऊन माझ्यासमवेत कार्यालयापर्यंत येण्याची तसदी घ्याल का?"

ती घाबरून माझ्याकडे बघत राहिली. 'तसदी' या शब्दापाशी तिचे ओठ हलल्यासारखे झाले.

"ऑफिस," मी म्हटलं. "साइन. प्लीज."

ती निघाली. माझ्या मागे दोन पावलं, सरांच्या मागे चालतात तशी. खिशात रविवारचं तिकीट होतं, आणि त्याच्यावर मी सारखा हात ठेवत होतो.

कार्यालयात आमच्या मागे दहाएक मुलांची रांग. पांडेजींनी फॉर्म सरळ केला, पेन उघडलं, आणि माझ्याऐवजी तिच्याकडे पाहिलं.

"आप इनको जानती हैं?"

"जी."

"व्यक्तिगत रूप से?"

ती शालीचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

"कब से जानती हैं, कैसे जानती हैं, हमको लिखना पड़ेगा न बेटा. खाली कैसे छोड़ दें?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं, मागे लांबलेल्या रांगेकडे पाहिलं. मी खिशातल्या तिकिटावर हात ठेवला. तिचं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. तिनं चष्मा वर सरकवला, डोळे मिटले, आणि घराबाहेर आयुष्यात कधी काढली नव्हती ती भाषा, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात, तिच्या तोंडून सुटली :

"ओळखते ना! चार महिन्यांपासून रोज दुपारी मागच्या जिन्याखाली बसून ऐकते आहे. पण काकांची मराठी इतकी कठीण आहे, की मध्ये बोलायची माझी हिंमतच नाही झाली!"